जांघ दुखते, म्हणजे नेमकं कुठे? खेळाडू आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

जांघ दुखणाऱ्या खेळाडूला 'कुठे दुखतं' असं विचारलं की तो सगळा पंजा जांघेवर ठेवतो. मग सांगावं लागतं, एकाच बोटानं दाखव. पुढचं सगळं त्या बोटावर ठरतं. ओटीपोटाच्या खाली, पुढच्या हाडाच्या कडेला जो छोटा उंचवटा लागतो त्याच्या जरा वर बोट पडलं तर विचार वेगळा. मांडीच्या आतल्या अंगाला, पाय फाकवल्यावर दोरीसारखा ताठ उभा राहतो त्या स्नायूच्या मुळाशी पडलं तर वेगळा. आणि बोट ठेवताच आलं नाही, अंगठा पुढे आणि बाकीची बोटं मागे अशी पकड करून कमरेची बाजूच धरली, तर दुखणं बहुधा खुब्याच्या सांध्यात आहे. पोटाच्या खालच्या भिंतीला आधार म्हणून दुर्बिणीतून जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया या तिघांपैकी फक्त पहिल्यासाठी आहे. दुसऱ्याला ती एकटी पुरत नाही आणि तिसऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

हे नाशिकमधल्या मुलामुलींसाठी मुद्दाम लिहितो आहे. आपल्या जिल्ह्यात पळणारे पाय भरपूर आहेत. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक आणलं, त्यानंतर हरसूल, पेठ, सुरगाण्याकडच्या किती पोरींनी बूट बांधले असतील. पहाटे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर किंवा पंचवटीत मीनाताई ठाकरे स्टेडियमकडे गेलं की पोलीस भरतीचे १६०० मीटर घड्याळ लावून मारणारी मुलं दिसतात. संध्याकाळी कबड्डी, खो-खो, फुटबॉल. यातल्या अनेकांना कधी ना कधी जांघेत चमक येते. गल्लीतल्या सल्ल्यानं आधी मालिश होते, मग हर्नियाचा पट्टा येतो, मग गोळ्या, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, 'दुर्बिणीनं ऑपरेशन करून टाक, पंधरा दिवसांत पळशील.' या वाक्यात खरं किती आणि अर्धवट किती, ते पाहू.

आधी जागा समजून घेऊ. पोटाचे सरळ स्नायू वरून खाली येऊन पुढच्या हाडाला, म्हणजे प्युबिक हाडाला चिकटतात. मांडी आत ओढणारा लांब स्नायू, अ‍ॅडक्टर लाँगस, त्याच हाडाला खालून धरतो. दोघांचे तंतू हाडाच्या पुढून एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणजे एकाच खुंट्याला वरून एक दोर आणि खालून एक दोर. कबड्डीत चढाईला गेलेला गडी एक पाय मागे रोवून दुसरा पाय झपकन बाजूला टाकतो, तेव्हा कंबर एकीकडे फिरते आणि मांडी दुसरीकडे ताणली जाते. फुटबॉलमध्ये जोरात किक मारताना, खो-खोत पूर्ण वेगात खांबाला वळसा घालताना हेच होतं. या ओढाताणीत खुंट्याच्या बाजूची पोटाची खालची भिंत झिजते. ही भिंत म्हणजे पुरुषांमध्ये वृषणाकडे जाणारी शुक्रदोरी ज्या बोगद्यातून जाते त्याची मागची बाजू. ती पातळ झाली की जोर लावल्यावर किंचित पुढे फुगते आणि आसपासच्या बारीक नसांवर दाब येतो. गाठ दिसत नाही, आतडं बाहेर येत नाही, पण दुखतं.

म्हणून 'स्पोर्ट्स हर्निया' हे नाव फसवं आहे. यात बहुतेकदा हर्निया नसतोच. इंग्लंडमध्ये गिलमोर नावाच्या सर्जननी १९८० मध्ये फुटबॉलपटूंमधल्या या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हापासून त्याला डझनभर नावं मिळाली. २०१४ मध्ये दोह्याला १४ देशांतले २४ तज्ज्ञ बसले आणि त्यांनी दुखण्याची विभागणी जागेवरून केली: अ‍ॅडक्टर स्नायूचं, खुब्याच्या पुढच्या सोअस स्नायूचं, जांघेच्या बोगद्याचं आणि प्युबिक हाडाचं. शिवाय खुब्याच्या सांध्याचं, आणि बाकी सगळी कारणं वेगळ्या कप्प्यात. तुमच्या कागदावर नुसतं 'ग्रोइन पेन' किंवा 'स्पोर्ट्स हर्निया' लिहिलं असेल तर यातला कुठला कप्पा, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एकाच खेळाडूत दोन कप्पे एकत्र असणं तर फारच नेहमीचं.

बोगद्याच्या भिंतीचं दुखणं साधारण असं वागतं. खेळताना वाढतं, दोन-तीन दिवस विश्रांती घेतली की जवळजवळ जातं, आणि पुन्हा पूर्ण वेगात गेलं की पहिल्याच दिवशी परत येतं. सरळ रेषेत हळू पळताना चालून जातं. दिशा बदलताना, एकदम वेग घेताना, किक मारताना टोचतं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून कुशीवर होऊन उठताना, खोकताना, शिंकताना कळ येते. कधी ती मांडीच्या आत किंवा वृषणाकडे उतरते. मँचेस्टरला २०१२ मध्ये ब्रिटिश हर्निया सोसायटीच्या बैठकीत पाच खुणा ठरल्या, त्यांतल्या किमान तीन हव्यात: हाडाच्या उंचवट्यावर बोटाएवढ्या जागी दुखणं, बोगद्याच्या आतल्या तोंडावर दुखणं, बाहेरचं तोंड सैल किंवा हुळहुळं असणं पण हर्निया न लागणं, अ‍ॅडक्टरच्या मुळाशी दुखणं, आणि जांघेत पसरलेली, मांडीकडे किंवा मध्यरेषेपलीकडे जाणारी बोथट कळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काय नाही ते पाहणं. इथे घाई केली तर जाळी बसते आणि दुखणं तसंच राहतं.

लांब पल्ल्याच्या धावपटूला, विशेषतः मुलींना, खुब्याच्या मानेत किंवा प्युबिक हाडाच्या फांदीत ताणाची बारीक चीर पडू शकते. आठवड्याचं अंतर अचानक वाढवलं, जेवण कमी पडतंय, पाळी अनियमित झाली किंवा बंद झाली, आणि जांघ पळताना दुखता दुखता आता चालतानाही, रात्रीही दुखायला लागली, तर पळणं त्याच दिवशी थांबवा. एका पायावर उडी मारून पाहण्याचा मोह नको. साध्या एक्स-रेत ही चीर सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो. खुब्याच्या मानेच्या वरच्या कडेची चीर दुर्लक्षानं पूर्ण तुटली तर तरुण वयात खुब्याचं मोठं ऑपरेशन करावं लागतं. जांघेच्या सगळ्या दुखण्यांत मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, कारण 'स्नायू धरलाय' म्हणून खेळाडू पळत राहतात.

खुब्याच्या सांध्याची तपासणी घरीही कळेल अशी आहे. पाठीवर झोपवून गुडघा छातीकडे आणायचा, मग गुडघा आतल्या बाजूला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळवायचं. जांघेत खोल आत चिमटा बसला आणि दुसऱ्या बाजूपेक्षा वळण स्पष्ट कमी असेल, मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं जड जात असेल, तर आधी हाडाच्या डॉक्टरांकडून खुबा बघून घ्या. मांडीच्या हाडाचा गोळा पुरेसा गोल नसला की तो वाटीच्या कडेला घासतो, त्याचं उत्तर पोटाच्या जाळीत नाही. सकाळी अर्धा-पाऊण तास कंबर आखडलेली आणि हालचाल केल्यावर मोकळी होत असेल तर मणक्याच्या वाताचा विचार हवा. ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम यांच्यासोबत जांघ दुखत असेल तर आपल्याकडे क्षयाची तपासणी विसरून चालत नाही. आणि वृषणात अचानक, उलटी आणणारी कळ आली तर खेळाची दुखापत समजून बर्फ लावत बसू नका. पीळ बसलेला असू शकतो आणि पहिले सहा तास मोलाचे असतात; रात्र असली तरी थेट तातडीच्या विभागात जा.

खोलीतल्या तपासणीत एक साधी चाचणी फार बोलकी आहे. रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून काटा १० वर येईपर्यंत फुगवायचा. खेळाडू पाठीवर, पाय दुमडलेले, गुडघ्यांच्या मध्ये पट्टा, आणि हळूहळू जोर वाढवत दाबायचं. दुखायला लागेल तो आकडा लिहून ठेवायचा. धडधाकट तरुण खेळाडू काटा २०० च्या पुढे सहज नेतो. दुखणारा शंभरावर अडकतो, चेहरा आवळतो आणि न विचारता हात दुखऱ्या जागेवर नेतो. ती जागा परत बोटानं दाखवून घ्या. हाच आकडा पुढे दर आठवड्याला घेतला की व्यायामानं फरक पडतो आहे का, ते भावनेवर सोडावं लागत नाही. यंत्र बाराशे-पंधराशेत मिळतं. प्रत्येक संघानं एक ठेवावं असं माझं मत आहे.

सोनोग्राफी करायची तर झोपवून नुसतं पाहून भागत नाही. जोर करायला लावून, खोकायला लावून भिंत फुगते का ते बघायला हवं, आणि ते करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं. एमआरआय सांगताना 'पेल्व्हिस' एवढंच लिहू नका. प्युबिक हाडाच्या सांध्यासाठी खास छेद घ्यायला सांगा आणि खुबे दोन्ही यायला हवेत. त्यात हाडाला सूज, अ‍ॅडक्टरच्या मुळाशी चीर, खुब्याची कड फाटलेली, हे सगळं दिसतं. पण एक सावधगिरी: काही न दुखणाऱ्या फुटबॉलपटूंच्या एमआरआयमध्येही हाडाला सूज दिसते. रिपोर्टवर ऑपरेशन करू नका, बोट आणि रिपोर्ट एकाच जागी येतात का ते बघा. तरीही गोंधळ राहिला तर खुब्याच्या सांध्यात किंवा अ‍ॅडक्टरच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देऊन लगेच मैदानी हालचाली करून बघता येतात. दुखणं तासाभरासाठी गायब झालं तर जागा सापडली.

शस्त्रक्रियेआधी व्यायाम, आणि तोही खरा. शेक, मशीन, मालिश याला व्यायाम म्हणत नाहीत. डेन्मार्कमध्ये होल्मिश यांनी १९९९ मध्ये ६८ खेळाडूंवर अभ्यास केला. सगळ्यांचं दुखणं अ‍ॅडक्टरचं आणि जुनं. एका गटाला ८ ते १२ आठवडे मांडीचे आणि पोटाचे जोराचे व्यायाम, दुसऱ्याला लेझर, मालिश, ताण देणं. पहिल्या गटातले २३ जण दुखण्याशिवाय खेळात परतले, दुसऱ्यातले फक्त चार. म्हणून फिजिओकडे महिनाभर पडून राहून मशीन लावून घेतलं असेल तर 'व्यायामानं काही झालं नाही' असं म्हणता येत नाही, व्यायाम अजून झालेलाच नाही. सुरुवात गुडघ्यांत चेंडू धरून दाबण्यानं, ३० सेकंदांचे दहा दाब. मग कुशीवर झोपून खालचा पाय उचलणं, पोटाचे व्यायाम, एका पायावरचा तोल, रबरी पट्ट्यानं मांडी आत ओढणं. दिवसाआड. दुखणं दहापैकी दोनपर्यंत चालेल, त्यापुढे नाही. आणि या काळात अ‍ॅडक्टर खेचून खेचून ताणू नका. मुळाशी दुखणाऱ्या स्नायूला ताण सोसत नाही, तो जोर मागतो.

तीन महिने असे प्रामाणिक गेले, अ‍ॅडक्टर भरून आला, तरी पूर्ण वेगात गेलं की बोगद्याच्या भिंतीवर तीच टोच येते, खुबा स्वच्छ आहे, चीर नाही: हा शस्त्रक्रियेचा खेळाडू. फिनलंडमध्ये पायानेन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये महिनोन्महिने दुखणाऱ्या ६० खेळाडूंची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. ३० जणांना दुर्बिणीतून जाळी, ३० जणांना व्यायाम, औषधं वगैरे. तीन महिन्यांनी जाळीवाल्यांपैकी २७ खेळात परतले होते, दुसऱ्या गटातले ८. हा फरक मोठा आहे आणि म्हणूनच ही शस्त्रक्रिया टाळत राहणंही बरोबर नाही. मात्र ते ६० जण नीट निवडलेले होते, हे त्या आकड्यासोबत वाचायचं.

आता प्रत्यक्ष काय करतात. खेळाडूंमध्ये जास्त वापरली जाणारी पद्धत टीईपी, म्हणजे पोटाच्या पिशवीत (आतड्यांभोवतीच्या पातळ पडद्यात) न शिरता, पिशवी आणि पोटाच्या भिंतीच्या मधल्या जागेतून. दुसरी टीएपीपी, पोटात शिरून आतून पडदा उघडून. दोन्ही चांगल्या, सर्जनचा हात ज्यात बसलेला आहे ती घ्यावी.

टीईपीला पूर्ण भूल लागते. सहा तास खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. आत जाण्याआधी लघवी करून जायची, ही छोटी वाटणारी सूचना महत्त्वाची आहे, कारण भरलेलं मूत्राशय नेमकं कामाच्या जागेत येतं. बेंबीखाली साधारण एक ते दीड सेंटिमीटरचा छेद, मध्यरेषेच्या जरा बाजूला. स्नायूवरचं आवरण उघडून स्नायू बाजूला सारतात आणि त्याच्या मागून, मागच्या आवरणाच्या पुढून खाली वाट काढतात. जागा करायला फुगा वापरतात किंवा दुर्बिणीच्या टोकानंच हलके हलके. कार्बन डायऑक्साइड वायू १० ते १२ मिलीमीटर पाऱ्याच्या दाबानं सोडतात. मग बेंबी आणि हाडाच्या मध्ये ५ मिलीमीटरची दोन भोकं, हत्यारांसाठी.

पडद्यावर पहिली खूण म्हणजे प्युबिक हाड आणि त्यावरचा चमकदार पांढरा पट्टा, कूपरचं बंधन. वर छताला पोटाच्या खालच्या रक्तवाहिन्या लटकतात, त्या छतालाच राहू द्यायच्या. खाली ओढल्या तर रक्त येतं आणि सगळं चित्र लाल होतं. मग बाहेरच्या बाजूची जागा मोकळी करून पोटाची पिशवी शुक्रदोरीपासून सोलून मागे ढकलतात. इथेच कधी लपलेला लहान हर्निया किंवा चरबीचा गोळा सापडतो, तो काढायचा. जाळी साधारण १० बाय १५ सेंटिमीटर, वजनाला हलकी, मोठ्या छिद्रांची पॉलिप्रॉपिलीनची. गुंडाळून मोठ्या भोकातून आत आणि तिथे चादरीसारखी पसरायची: मध्यरेषेच्या थोडी पलीकडे, हाडाच्या कडेच्या खाली उतरलेली, बोगद्याची मागची भिंत आणि आतलं तोंड पूर्ण झाकणारी. शेवटी जाळीची खालची कड हत्याराने धरून, डोळ्यांसमोर वायू सोडायचा. कड उलटली, पिशवी तिच्या खाली सरकली तर सगळी मेहनत वाया. सगळं मिळून एका बाजूला साधारण पाऊण तास.

जाळी भिंतीत कशी बसते? पिशवी परत पुढे आली की दोन थरांच्या मध्ये ती दाबून धरली जाते, आणि काही आठवड्यांत छिद्रांतून तंतू वाढून ती भिंतीचाच भाग होते. म्हणून अनेकदा खिळ्यांची गरजच नसते. खिळे, म्हणजे टॅकर, मारायचेच तर कूपरच्या बंधनावर एक-दोन. आणि बाहेरच्या बाजूला, जांघेच्या पट्ट्याखाली तर कधीच नाही. तिथून मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस जाते. त्यात खिळा गेला तर मांडी पेटल्यासारखी जळत राहते. त्याच्या शेजारी पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या. खेळाडूत तर हाडावरही खिळा नको असं मला ठाम वाटतं, कारण हाड आधीच सुजलेलं आणि दुखरं असतं. वैद्यकीय गोंद किंवा काहीच नाही, हे बरं.

अ‍ॅडक्टरचं मूळही जुनं, घट्ट आणि दुखरं असेल तर काही सर्जन त्याच वेळी मांडीच्या आतून छोटा छेद घेऊन त्याचे काही तंतू सोडतात. हा निर्णय आधी व्हायला हवा, भूल दिल्यावर नाही. लेस्टरला लॉईड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत दुर्बिणीतून जांघेच्या बंधनाचा ताण सोडतात आणि मग जाळी लावतात. म्युनिकच्या मुशावेक यांची पद्धत दुर्बिणीची नाही: जागेपुरती भूल, छोटा छेद, भिंतीचा फुगलेला भाग टाक्यांनी आवळणं, जाळी नाही. ज्यांना शरीरात जाळी नकोच त्यांनी ही विचारून पाहावी. दुर्बीण म्हणजे आपोआप वरचढ, असं समजू नका.

काय बिघडू शकतं ते मोकळेपणानं. पहिल्या रात्री लघवी तुंबणं, त्यासाठी एखाद वेळ नळी. अंडकोशाची कातडी जांभळी होणं, दिसायला भयंकर पण रक्त खाली उतरल्यामुळे असतं, आठवड्या-दोन आठवड्यांत जातं; लंगोट किंवा घट्ट चड्डीचा आधार द्यायचा. जांघेत पाणी साठून मऊ फुगवटा येणं, लोक घाबरतात की हर्निया झाला, पण तो बहुधा काही आठवड्यांत जिरतो. सुई घालून काढू नका, जंतू आत जातात. जाळीला जंतुसंसर्ग क्वचित. आतडं, मूत्राशय किंवा मोठी रक्तवाहिनी दुखावणं फार क्वचित, पण शून्य नाही. काहींना जांघेत किंवा वृषणात दुखणं उरतं. ताप, लालसर पसरणारी सूज, सहा-आठ तास लघवी नाही, पोटरी सुजून दुखणं, किंवा शुद्धीवर आल्यापासूनच मांडीत आगीसारखी जळजळ: यांपैकी काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. शेवटचं तर खास सांगा, कारण नस खिळ्यात अडकली असेल तर खिळा लवकर काढणंच शहाणपणाचं.

सर्जनना विचारायला लाजू नका: खेळाडूंची अशी किती केलीत, नुसत्या हर्नियाची नव्हे? जाळी कुठली, खिळे मारणार का? दुसऱ्या बाजूचं काय करणार? खुबा कोणी तपासलाय? विमा असेल तर आधी मंजुरी घ्या आणि कागदावर निदान स्पष्ट लिहून घ्या, कारण 'हर्निया' लिहिलंय आणि सोनोग्राफीत हर्निया नाही, अशा विसंगतीवर दावा अडकू शकतो. जाळीचं नाव आणि स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून घ्या. दहा वर्षांनी कोणाला लागलं तर तेवढाच पुरावा.

घरी बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जातात. चालणं पहिल्याच संध्याकाळी सुरू. पहिला आठवडा दिवसातून चार-पाच वेळा दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर चालायचं. उठताना कुशीवर वळून हातांच्या जोरावर. खोकताना जांघेवर हात दाबून. बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही: पाणी, पपई, भाज्या, लागलं तर औषध, शौचाला जोर करणं पळण्याइतकंच भिंतीला दाबतं. भारतीय संडासात बसायला बंदी नाही, पण पहिले काही दिवस आधार धरून. बुलेटला किक मारायची नाही, बटणाची गाडीसुद्धा आठवडाभर दुसऱ्याला चालवू द्या. आणि निफाड-दिंडोरीच्या मुलांसाठी: हंगाम चालू असला तरी द्राक्षाचं भरलेलं क्रेट महिनाभर उचलायचं नाही, औषधाचा पंप पाठीवर घ्यायचा नाही. ऑपरेशनची तारीख ठरवताना छाटणी आणि काढणी बघूनच ठरवा. घरात कामाची माणसं कमी असली की शब्द पाळता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या आठवड्यात हलकी सायकल, चेंडू दाबण्याचे व्यायाम, पोट आत ओढून धरणं. तिसऱ्यात मऊ जमिनीवर हळू पळणं, सरळ रेषेत, एक मिनिट पळणं एक मिनिट चालणं. चौथ्यात वेग वाढवणं, आठाच्या आकड्यात मोठे वळसे. पाचव्या-सहाव्यात झपकन वेग घेणं, थांबणं, किक, चढाईच्या हालचाली, आणि मग संघाचा सराव. पांडवलेणीच्या पायऱ्या आणि चामरलेणीचा चढ शेवटी ठेवा. चढावर मांडी उचलताना जांघेची भिंत सपाटीपेक्षा जास्त ओढली जाते. हे आठवडे कॅलेंडरप्रमाणे मोजू नका. गुडघ्यांतल्या पट्ट्याचा आकडा दुखल्याशिवाय आधीच्या जागी आला, दोन्ही बाजूंचा अ‍ॅडक्टर सारखा जोर देतो, पूर्ण वेगाच्या सरावाच्या दुसऱ्या सकाळी कुशीवर उठताना टोच नाही, तर पुढची पायरी. दुसरी सकाळ ही खरी परीक्षा. मैदानावरचा जोश दुखणं झाकतो. ज्यांना पंधरा दिवसांत पळायला सांगितलं जातं ते हळू पळतातही, पण पंधराव्या दिवशी सामना खेळणं वेगळं.

शस्त्रक्रियेनंतरही दुखत राहिलं तर कारणं साधारण ठरलेली असतात. खुबा पाहिलाच नव्हता. अ‍ॅडक्टर कमजोर ठेवून मैदानात उतरवलं. दुसरी बाजू दुखायला लागली, कारण ती आधीच झिजलेली होती आणि पहिली बरी होताच सगळा भार तिच्यावर आला. भरतीची तारीख जवळ म्हणून तीन आठवडे गिळून टाकले. जाळी दुमडली किंवा नस अडकली हे यानंतर येतं, आधी नाही. म्हणून पुन्हा दुर्बीण घालण्याआधी पुन्हा बोट, पुन्हा खुबा, पुन्हा पट्ट्याचा आकडा.

जे अजून दुखलेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि बरे होऊन परतलेल्यांसाठीही, कोपनहेगन व्यायाम. नॉर्वेतल्या, २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात फुटबॉल संघांना हंगामाआधी सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, आणि हंगामात आठवड्यातून एकदा हा व्यायाम दिला. जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला. काही सामान लागत नाही, फक्त जोडीदार. कुशीवर झोपून कोपरावर टेका. वरचा पाय जोडीदार कमरेच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरतो, एक हात घोट्याला, दुसरा गुडघ्याच्या खाली. आता वरच्या पायाच्या जोरावर अंग उचलायचं, खालचा पाय वरच्या पायाला भिडवायचा, आणि तीन सेकंद घेत खाली यायचं. प्रत्येक बाजूला पाचपासून सुरू करून पंधरापर्यंत. कंबर मध्येच खाली झुकली तर संख्या थांबवायची. जड जात असेल तर जोडीदारानं घोट्याऐवजी गुडघ्यालाच धरायचं, तरफ आखूड होते आणि जोर कमी लागतो. पहिल्या आठवड्यात मांडी आतून चांगलीच ठणकते, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी सुरुवात करू नका. वॉर्मअप झाल्यावर, चेंडू किंवा चढाई सुरू होण्याआधी, दोघांचं मिळून पाच मिनिटांत होतं.